चार खाती आणि एक लेकरू

आमच्या विशेष शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक वाद हमखास पेटतो. विशेष शाळा शिक्षण खात्याकडे द्याव्यात, की आहेत तिथे दिव्यांग कल्याणकडेच राहू द्याव्यात? अनुदानित विशेष शाळांवरची मंडळी एकीकडे, शिक्षण खात्याच्या समग्र शिक्षा योजनेतले आम्ही दुसरीकडे. तावातावाने जीआर टाकले जातात, कोणी तरी कोणाची तरी पदवी काढतं, मग एखादे सर गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' म्हणतात आणि विषय थंडावतो. परवा एका तरुण सहकारी मुलीने सरळ फोनच केला. "मॅडम, तुम्ही दोन्हीकडं काम केलंय. तुमचं मत काय?" फोनवर अर्धवट बोलले. उरलेलं इथे.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी डी.एड. केलं ते विशेष शिक्षणातलं, मतिमंद प्रवर्ग. पहिली काही वर्षं एका निवासी मतिमंद विद्यालयात होते. शाळा संस्थेची, मान्यता समाजकल्याणची, पगार अनुदानाच्या भरवशावर. मग सर्व शिक्षा अभियानात कंत्राटी विशेष शिक्षिका म्हणून लागले, त्याचंच पुढे २०१८ मध्ये समग्र शिक्षा झालं. शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात हजेरी, आणि काम गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत आणि ज्या लेकरांना शाळेत येताच येत नाही त्यांच्या घरी. भारतीय पुनर्वास परिषदेचा माझा नोंदणी क्रमांक दोन्हीकडे तोच होता, मुलंही तशीच होती. खातं तेवढं बदललं आणि पहिल्या खात्यातली माझी वर्षं दुसऱ्यात कोणी मोजली नाहीत. असो. माझं रडगाणं हा आजचा विषय नाही.

जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातला आहे, दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीला जातात, एवढं पुरे.

एक मुलगी सांगते. तिला इथे चिऊ म्हणू. आता बारा-तेरा वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं, आणि सोबत बौद्धिक अक्षमता. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. घरात पहिली शंका आजीला आली, "लेकराची मान धरत नाही." अंगणवाडीत नाव होतं, आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची गाडी यायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ च्या फेब्रुवारीत या कार्यक्रमाची देशातली सुरुवात झाली ती आपल्याच पालघरमध्ये. गाडीत दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. त्यांनी चिऊचे आखडलेले पाय पाहिले, न टेकणाऱ्या टाचा पाहिल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायची चिठ्ठी लिहिली. म्हणजे महिला व बालविकासच्या अंगणवाडीत सापडलेलं लेकरू आरोग्य खात्याकडे गेलं. इथवर सगळं कागदावर लिहिल्याप्रमाणे झालं, आणि असं झालं की मला आजही बरं वाटतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान आणि उपचारांचं केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात. तिथल्या फिजिओ बाईंनी एक फार शहाणपणाचं काम केलं. ही बाई आठवड्याला एसटीने लेकरू कडेवर घेऊन येऊ शकणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि व्यायाम आईलाच शिकवले. बाज, उशी आणि जुनं लुगडं, एवढ्या साहित्यात होतील असे. चिऊ चार वर्षांची असताना मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसू शकत होती. त्याचं श्रेय त्या फिजिओ बाईंचं आणि आईचं.

पण चिऊ सहाची झाली. आरबीएसकेच्या मार्गदर्शक सूचनांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची सगळी मुलं आहेत. त्यातली सहापर्यंतची डीईआयसीत बघायची, आणि पुढची नेहमीच्या सरकारी दवाखान्यांमार्फत. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे रीतसर आहे. चिऊच्या आईच्या दृष्टीने अर्थ एवढाच, की ज्या बाईंना लेकराचा प्रत्येक सांधा माहीत होता त्यांच्याकडे आता जायचं नाही. "आता शाळेचे लोक बघतील," असं तिला सांगितलं गेलं. शाळेचे लोक म्हणजे मी. माझ्याकडे काय आलं? नाव, जन्मतारीख आणि अपंगत्वाचा प्रकार. फिजिओ बाईंच्या वहीतली पानं त्यांच्याच कपाटात राहिली. कोणते व्यायाम चालू होते, कोणता केला की लेकरू रडतं, फिट येते का, औषध कोणतं, यातलं काही नाही. हे सगळं मी चिऊच्या आईला विचारून नव्याने लिहून काढलं. ती चौथी शिकलेली होती म्हणून निभावलं. औषधाच्या बाटलीवरचं नाव तिने वाचून दाखवलं.

यात कोणी कामचुकार नव्हतं, हे मुद्दाम सांगते. गाडीतल्या डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, फिजिओ बाईंनी त्याहून जास्त केलं, मी माझं करत होते. फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लेकरू हातोहात पोचवणं, हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. ज्याच्या यादीत नाही ते काम सरकारात होत नाही.

आता जुना इतिहास थोडा, कारण ग्रुपवरच्या वादात तो कोणी सांगत नाही. दिव्यांग मुलांनी साध्या शाळेत शिकावं यासाठी केंद्राची पहिली मोठी योजना १९७४ ची, अपंग एकात्म शिक्षण योजना. जुने शिक्षक अजून तिला आयईडीसी म्हणतात. ती सुरू झाली केंद्राच्या समाजकल्याण खात्यात. १९८२ मध्ये ती उचलून शिक्षण खात्याकडे दिली. म्हणजे ज्यावरून आज आपण भांडतो तो बदल एकदा होऊन गेलाय, चाळीस वर्षांपूर्वी. पण अर्धाच झाला. साध्या शाळेत बसणारं दिव्यांग मूल शिक्षण खात्याचं झालं, विशेष शाळेत बसणारं मूल कल्याण खात्याचं राहिलं. माझा अंदाज असा, की विशेष शाळांबरोबर वसतिगृह, स्वयंपाकघर, संस्था आणि अनुदान असा मोठा पसारा येत होता, आणि तो अंगावर घ्यायची शिक्षण खात्याला काही हौस नव्हती.

तेव्हापासून या मुलांची फाळणी आहे. कायदा मात्र दोन्ही बाजूंना हात देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ सांगतं, की चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे. वाचायला छान. प्रत्यक्षात पालक जेव्हा शाळा निवडतात तेव्हा ते नकळत खातं निवडत असतात, आणि खात्याबरोबर मिळणाऱ्या-न मिळणाऱ्या सगळ्या गोष्टी. जिल्हा परिषद शाळेत असेपर्यंत समग्र शिक्षातून मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलगी असेल तर महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता, तोही वर्षातले दहाच महिने. सुट्टीत मुलगी दिव्यांग नसते बहुतेक.

आणि खुर्ची. चिऊला सीपी चेअर हवी होती, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना आधार देऊन बसवणारी खुर्ची. समग्र शिक्षातल्या मुलांना असं साहित्य मिळतं तेव्हा खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या एडिप योजनेतून येतो आणि चाळीस टक्के समग्र शिक्षातून. एका खुर्चीचे चार पाय, त्यातले अडीच एका खात्याचे, दीड दुसऱ्याचे. उन्हाळ्यात शिबिरात चिऊचं माप घेतलं. वाटपाचा दिवस ठरला तो ऐन गळीत हंगामात. चिऊ आईवडिलांबरोबर साखर कारखान्याच्या हद्दीत कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत. लाभार्थी स्वतः हजर पाहिजे, सही-अंगठ्याशिवाय साहित्य नाही. मी फोनवर फोन केले. चिऊचे वडील म्हणाले, "मॅडम, मुकादमाची उचल फिटल्याबिगर फड सोडता येत नाही. खुर्ची ठिवा, आमी येऊ तवा नेऊ." खुर्ची ठेवून घ्यायची तरतूद नव्हती. ती परत गेली. पुढल्या वर्षी आली तेव्हा चिऊचे गुडघे त्या मापात मावत नव्हते. एका सुताराकडून बैठक मागे सरकवून घेतली, नियमात बसत नाही ते.

ऊसतोडीच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, हे खरं. आईबाप फडावर आणि पोरं गावात आजी-आजोबांकडे, जेवण शाळेत. चांगली सोय आहे. पण चिऊला उचलून संडासला कोण नेणार? आजी तोवर वारली होती. म्हणून चिऊ दरवर्षी कोपीवर. सहा महिने शाळा, सहा महिने ऊस. पटावर नाव, हजेरीत खाडा, खाडा म्हणून भत्ता बंद.

शेवटी चिऊ दहाची झाल्यावर आईनेच विषय काढला. "मॅडम, तिकडची राहायची शाळा कशी असती हो? आमच्या माघारी लेकराला कुणी पाणी तरी पाजील का?" दुसऱ्या जिल्ह्यातली एक निवासी विशेष शाळा चांगली आहे, तिथले दोन शिक्षक माझ्या ओळखीचे, काळजीवाहक बाई मायेच्या. मी होकार दिला. ज्या मुलीला मी चार वर्षं "साध्या शाळेतच राहू दे" म्हणून धरून ठेवलं होतं तिला मीच विशेष शाळेत पाठवत होते, याचं माझ्या काही सहकाऱ्यांना वाईट वाटलं. समावेशनाच्या तत्त्वाला धक्का वगैरे. तत्त्व कोपीवर राहायला जात नाही, एवढंच मी त्यांना म्हणाले.

ते साल २०२३. नेमकं त्याच्या आधी, २०२२ च्या डिसेंबरात, राज्याने दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग केला होता. तोवर हे काम सामाजिक न्याय विभागात होतं. मी मतिमंद विद्यालयात नोकरीला होते तेव्हा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयात आमचं सगळं एका टेबलावर चालायचं. शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, आंतरजातीय विवाहाचं अनुदान या मोठ्या कामांच्या कोपऱ्यात एक क्लार्क, त्याच्या मागे भिंतीला विशेष शाळांच्या फायली. म्हणून नव्या विभागाचं मला मनापासून बरं वाटलं. स्वतःचं अंदाजपत्रक, स्वतःचा सचिव, विधिमंडळात स्वतंत्र मागणी, या लहान गोष्टी नाहीत. २०२३ मध्ये 'दिव्यांग कल्याण विभाग दिव्यांगांच्या दारी' हे अभियान बच्चू कडूंच्या पुढाकाराने जिल्ह्या-जिल्ह्यात फिरलं. आमच्याकडच्या शिबिरालाही मी पालकांना घेऊन गेले होते. मोठा मंडप, एका टेबलावर आरोग्य खातं, शेजारी तहसील, पलीकडे महामंडळ, पुढे पंचायत समिती. ज्या कामांना पालकांच्या चपला झिजतात ती कामं एका दिवसात होत होती. पाहून डोळ्यांना सुख झालं. पण संध्याकाळी मंडप उतरला आणि टेबलं आपापल्या इमारतीत परत गेली.

शिवाय नवा विभाग झाला म्हणून सगळं तिकडे गेलं असंही नाही. संजय गांधी निराधारचे पैसे, जे २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी १५०० वरून २५०० झाले, ते अजून सामाजिक न्यायचेच आणि अर्ज तहसीलला. प्रमाणपत्र आरोग्य खात्याचं. तेही आधी एसएडीएम नावाच्या राज्याच्या प्रणालीतलं होतं, मग केंद्राचं यूडीआयडी ओळखपत्र आलं. चिऊच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं जुनं प्रमाणपत्र एके दिवशी चालेनासं झालं. मुलगी तीच, पाय तेच, टक्के तेच. पुन्हा बोर्ड, पुन्हा रांग. आता निळं कार्ड आहे, ऐंशी टक्क्यांच्या वरचं.

चिऊच्या शाळाबदलाचं सांगत होते. शाळा सोडल्याचा दाखला निघाला. दाखल्यावर काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे: नाव, जात, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. इयत्ता चौथी. विशेष शाळेत इयत्तेला अर्थ नसतो. तिथे आल्याबरोबर मुलाची एफएसीपीवर तपासणी करतात, कार्यात्मक मूल्यमापनाची यादी, आणि त्यावरून पूर्व-प्राथमिक, प्राथमिक एक, प्राथमिक दोन, माध्यमिक, पूर्व-व्यावसायिक असे गट पाडतात. मी याच पद्धतीत वाढलेली. चिऊच्या वैयक्तिक आराखड्यात माझ्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं: चमचा उजव्या मुठीत धरते, लघवीची खूण मान डावीकडे वळवून करते, पाच वस्तूंपर्यंत मोजते पण बोटाने नाही तर नजरेने. पण तो आराखडा समग्र शिक्षाचा दस्तऐवज. तो गट साधन केंद्राच्या फायलीत राहायला हवा, तपासणीला लागतो. दुसऱ्या खात्याच्या शाळेला द्यायचा असा नियम नाही आणि द्यायचा नाही असाही नाही. वरून विचारलं तर उत्तर आलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, लेखी मागू नका."

मग मी दोन पानी पत्र लिहिलं. शासकीय काही नाही, रेघांच्या कागदावर हाताने. त्यात वरचं सगळं, आणि औषधाची मात्रा, आणि फिट यायच्या आधी ती कशी दिसते ते. पत्राच्या दोन प्रती, एक आईकडे. पहिल्याच आठवड्यात रात्री तिकडच्या काळजीवाहक बाईंचा फोन आला. "मॅडम, पोरगी एकटक बघतीय, हाक मारली तर वळत नाही. पत्रात लिहिलंय तसंच." मी म्हटलं, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. फिट थोडक्यात थांबली. पत्र नसतं तरी त्या बाईंनी काहीतरी केलंच असतं. अनुभवी आहेत. पण नवीन मुलगी म्हणजे हट्टी असेल, बोलत नसेल, असं समजून झोपल्याही असत्या.

आता त्या सहकारी मुलीच्या प्रश्नाकडे येते. विशेष शाळा शिक्षण खात्याकडे जाव्यात का? तत्त्वाने विचाराल तर हो. शिकणाऱ्या मुलाचं खातं शिक्षण हेच असावं, कल्याण नव्हे. एकाच गावातली दोन भावंडं, एक शिक्षणमंत्र्यांचं आणि एक दुसऱ्या मंत्र्यांचं, हे मला पटत नाही. पण मला संचमान्यतेची धास्ती वाटते. शिक्षण खात्यात पद पटावरून ठरतं. विशेष शाळेत मुलं चाळीस-पन्नासच, पण त्यांच्यासाठी शिक्षक असतात, शिवाय वाचा उपचार तज्ज्ञ, फिजिओ, काळजीवाहक, स्वयंपाकी, पहारेकरी. ज्या खात्याने पट कमी म्हणून वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांवर टांगती तलवार ठेवली, ते खातं पन्नास मुलांच्या शाळेत चार काळजीवाहक का हवेत हे कोणाकडून समजून घेणार? चिऊला रात्री कुशीवर वळवणाऱ्या बाई कोणत्या संवर्गात बसणार? त्या बसल्या नाहीत तर अतिरिक्त ठरतील. बदल करणारे लोक आधी शिक्षकांच्या सेवाज्येष्ठतेचा विचार करतील, कारण शिक्षकांना संघटना आहे. काळजीवाहकांचा विचार शेवटी होईल, आणि मुलांचा त्याच्याही नंतर.

आमच्या बाजूलाही फार काही आलबेल नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या पदांबाबत निकाल दिला, त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण ठरवलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक. राज्याने २०२४ मध्ये पदं मंजूर केली ती ४८६०, म्हणजे शाळांच्या प्रत्येक समूहाला, आमच्या भाषेत केंद्राला, एक, आणि आमच्यासारख्या कंत्राटी लोकांना त्यात सामावून घ्यायचं ठरलं. माझ्या घरी त्या दिवशी पेढे आले, खोटं कशाला बोलू. पण एका केंद्रात दहा-पंधरा शाळा सहज असतात. आठवड्याचे दिवस किती ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून माझं उत्तर असं आहे, की कोणत्या खात्याकडे द्यायचं यावर मंत्रालयात हवा तेवढा वाद घाला, पण आधी सांध्यांवर माणूस नेमा. तीन वर्षांचा, अंगणवाडीतला सांधा, सहाचा, शाळाबदलाचा आणि अठराचा. या चार ठिकाणी लेकरू एका हातातून दुसऱ्या हातात जातं. २०२३ च्या नोव्हेंबरात अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी केंद्राने वेगळी कार्यपद्धती आणली. लेकरू लवकर ओळखा, आईला सांगा, आशाताईला आणि आरबीएसकेला कळवा, हे सगळं त्यात आहे. पहिल्या सांध्यासाठी काहीतरी झालं म्हणून आनंद आहे. सहाला आणि पुढे असं काही माझ्या हाती आलेलं नाही.

अठराचा सांधा सगळ्यात वाईट. माझ्या जुन्या शाळेतला एक मुलगा अठराचा झाल्यावर पटावरून कमी झाला, म्हणजे घरी आला. अशा मोठ्या मुलांना काम शिकवणाऱ्या कर्मशाळेत जागा नव्हती. बँकेत गेल्यावर वडिलांना सांगितलं, मुलगा सज्ञान झाला, खातं तो चालवेल. त्याला सही येत नव्हती. अशा मुलांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, त्याची जिल्ह्यात समिती असते आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्याच न्यासाची निरामय योजना आहे, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा. वडिलांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. बारा वर्षं ज्या शाळेत मुलगा होता तिथे कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते तिसऱ्याच कार्यालयाचं काम. बँकेत चिडलेल्या माणसाने मला फोन केला तेव्हा कुठे कागद हलले.

चिऊच्या पत्राचं ऐकून आमच्या तालुक्यातल्या एका अंगणवाडी ताईंनी नमुना मागितला. मग डीईआयसीतल्या एका नव्या मुलीने मागितला. आता मी त्याचा छापील कागद केलाय, एका बाजूचा, झेरॉक्सला दोन रुपये. पालकांना हवा असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, पाठवते. नसेल तर स्वतः लिहा, फार अवघड नाही. सगळ्यात वर औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ. त्याखाली फिट येत असेल तर ती येण्याआधी लेकरू कसं दिसतं. मग खाणं: काय गिळता येतं, काय अडकतं. मग लघवी-संडासची खूण. त्याला काय आवडतं ते त्यानंतर, पण लिहा जरूर. चिऊला एसटीचा हॉर्न आवडतो. टक्केवारी आणि कार्डाचा नंबर तळाशी घाला, ते विचारणारे लोक तसेही सापडतातच. शेवटी आधीच्या शिक्षकाचा किंवा फिजिओचा मोबाईल नंबर, त्यांना विचारून. आणि ज्यांचा नंबर दिलाय त्यांना माझी हात जोडून विनंती, रात्री फोन वाजला तर उचला.